चार सुरांचं नाव

मंगरूळपीरच्या दवाखान्यात औषध मिळायचं, पण आधी गाणं ऐकून घ्यावं लागायचं. खिडकीपलीकडे आमचे वसंतराव कंपाउंडर. "बाटली आनली का?" हे ते भूपात विचारत आणि बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवताना "हालवून घ्या"वर तान मारत. एकदा एक म्हातारा कावला. म्हणाला, "बापू, माह्यं पोट दुखून राह्यलं, अन् तुले गानं कायले सुचते?" वसंतरावांनी त्याला उत्तरही गाऊनच दिलं.

म्हाताऱ्याचं काय, तो महिन्यातून एकदा यायचा. मी शेजारी! माझी अन् त्यांची भिंत एक. मीठ संपलं की तेसुद्धा मला भिंतीपलीकडून सुरात कळायचं. तहसील कचेरीत दिवसभर मान मोडून घरी यावं, तर हे.

याला कारण होतं. त्यांच्या बायकोला, देवकावैनीला, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सुधारले, वाचा मात्र गेली. साधं 'पाणी' म्हणता येईना. पण गाणं लागलं की वैनी अख्खं गाणं शब्दांसकट म्हणायच्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी हे सगळं तपासून चार पानी केस पेपर लिहून दिला. वसंतराव पूर्वी बुद्धविहारातल्या जयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. त्यांनी त्या दिवसापासून साधं बोलणं सोडूनच दिलं.

एवढ्यावर थांबतील तर ते वसंतराव कसले! त्यांनी त्या केस पेपरचं संगीत नाटक करायला घेतलं. पात्रं दोन, पेटी एक, वेळ अर्धा तास. डॉक्टर ते स्वतः. मला इंग्रजीचा अर्थ सांगायला म्हणून बोलावलं आणि पेशंट करून लुगडं नेसवलं.

"मिशी काढ," म्हणाले.

"कायले?"

"कागदात मिशी नाई."

या 'कागदात'नं माझं डोकं उठवलं. कागदात लिहिलं होतं की रुग्ण अर्धा मिनिट रडली, म्हणून मी घड्याळाकडे बघून अर्धा मिनिट रडायचो. चाळीस सेकंद झाले की पुन्हा पहिल्यापासून. 'जीभ बाहेर काढा' ही ओळ ते तीन वेळा आळवायचे आणि तोवर मी जीभ काढून बसायचो. दवाखाना बंद झाल्यावर बाकावर ही तालीम चाले. देवकावैनी कोपऱ्यात बसून सगळं बघत. मिशी मी काढली नाही. म्हटलं, जीव गेला तरी काढणार नाही.

तिसऱ्या पानावर एक ओळ होती : नवऱ्याचं नाव विचारलं, सांगता आलं नाही. वसंतरावांनी त्या जागी उखाणा घातला होता, वैनीनं लग्नात घेतलेला, त्याला चाल लावून. वैनी त्या दिवशी घरीच होत्या. मी डाव साधला. म्हटलं, "वसंतराव, हे तं कागदात नाई."

त्यांनी पेटीच्या पट्ट्या पुसल्या. मग पहिल्यांदाच न गाता बोलले, "दोन वर्स झाले, तिनं माह्यं नाव घेतलं नाई. घे म्हनलं तं रडते. दुसऱ्यानं घेतलेलं आयकलं तं येईनही तिले. मनून हे नाटक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिशी काढली. कचेरीत आठवडाभर लोक हसले.

रविवारी दुपारी विहाराच्या ओसरीवर प्रयोग झाला. वीस-पंचवीस माणसं, वैनी सगळ्यात पुढे. मी वेळ बघून रडलो, जीभ काढली. उखाण्याची वेळ आली, वसंतरावांनी सूर धरला आणि मी सपशेल विसरलो. इतके दिवस घोकलेला उखाणा, एक शब्द आठवेना. घामानं लुगडं भिजलं. वसंतराव सूर धरूनच होते.

तेव्हा समोरून वैनीचा आवाज आला. बारीक, पण चालीत.

"मेथीच्या वाफ्याले पानी सोडलं पाटानं..."

मग नावाची जागा आली. वैनी अडखळल्या. ओठ हलले, शब्द येईना. त्यांनी नुसतंच गुणगुणलं, हं हं हं हं, आणि पुढे गेल्या, "...नाव घेते सासरच्या थाटानं."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पेटी बंद पडली होती. वसंतरावांचा हात भात्यावर तसाच राहिला होता.

माणसं पांगल्यावर ते पेटीला फडकं गुंडाळत होते. गाठ काही बसेना. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मधुकर, तू मोजले ना? चार सूर होते. व-सं-त-राव. माह्या नावाले चारच लागतात."

चार सूर मधुकररावालाही लागतात. मंगरूळपीरलाही लागतात. इतके दिवस शब्दाशब्दाला त्यांच्याशी भांडलेला मी.

"हो," मी म्हटलं, "मोजले. चारच होते." आणि फडक्याची गाठ मारून दिली.