पंजाबरावांनी चावी दिली

आपण बनवलेल्या तबकडीत चूक निघणं शक्य नाही, असं अविनाशचं म्हणणं. मोताळ्यात माळ्यावरच्या खोलीत बसून तो बंगळूरच्या एका कंपनीसाठी स्मार्टवॉचच्या तबकड्या तयार करायचा. हे काम आहे की छंद, यावर मोताळ्यात एकमत नव्हतं. पण अडलं होतं ते जानेफळच्या पंजाबरावांपाशी. त्यांची मुलगी छकुली अविनाशला पसंत, छकुलीला अविनाश पसंत, आणि पंजाबरावांना धंदा नापसंत.

"घड्याळ बनवते म्हणाल तर समजलो असतो," ते म्हणाले. "हा नुसतं तोंड बनवते. बाकी धड कोण बनवते?"

शेवटी ठरलं, की अविनाशनं स्वतःची तबकडी घातलेलं एक घड्याळ त्यांना द्यावं. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवसापर्यंत नीट चाललं तर कुंकू लावायचं, नाहीतर मुलगी परत.

अविनाशनं जीव ओतला. बाजूची चावी फिरवली की पुढची वेळ दिसायची. तेव्हा ऊन किती असेल, शेतात विजेची लाइन असेल की नाही, सगळं. पण दोन तासांच्या पुढं नाही. तिथं पोचलं की मनगटाला बारीक थरथर. खालचं बटन एकदा दाबलं की परत आत्ताची वेळ. दाबून धरलं की तबकडी झोपली. हे त्यानं देताना बैजवार समजावलं. पंजाबराव "हाव, हाव" म्हणाले. दोनदा हाव म्हणणाऱ्या माणसानं एकदाही ऐकलेलं नसतं, हे त्याला तेव्हा कळलं नाही.

पंजाबराव जन्मभर चावीचं घड्याळ वापरलेले. रोज आंघोळ झाली की गंध लावायच्या आधी घड्याळाला चावी द्यायची, ही रीत. त्यांनी ती नव्यालाही लागू केली. थरथर आली की म्हणायचे, "भरलं." आणि दिवसभर जगाच्या दोन तास पुढं वावरायचे. सकाळची गाडी दोन तास उशिरा यायला लागली, याचंही त्यांना नवल वाटलं नाही.

साक्षगंध ठरलं मोताळ्याला, सकाळी नऊला. पंजाबरावांचे नऊ म्हणजे अकरा, हे अर्ध्या जिल्ह्याला पाठ होतं. त्यामुळे नऊच्या ठोक्याला अविनाशचे वडील भगवंतराव बनियनवर, गालिचा गुंडाळलेला, नवरदेवाच्या तोंडाला साबण. आणि दारात जीप!

पंजाबराव पंक्चरचं निमित्त तयार ठेवूनच उतरले होते. समोरचं दृश्य बघून त्यांनी ते गिळलं.

"काऊन हो व्याही? अकरा वाजून राह्यले. आम्ही दोन तास उशिरा आलो, तरी तुमच्या आंघोळी व्हायच्याच?"

भगवंतरावांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. नऊ. पंजाबरावांनी मनगट पुढं केलं. अकरा. दोन्हींतलं एक खोटं, आणि मनगटावरचं खोटं ठरलं तर छकुली परत जीपमध्ये.

अविनाशला एका नजरेत उमगलं. चावी फिरवायची थांबली की तबकडीनं आपणहून आत्ताच्या वेळेवर यावं, हे लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. त्यानं ते माणसावर आणि बटनावर सोडलं होतं.

"मामा, खालचं बटन एकदा दाबा."

पंजाबरावांनी दाबलं, विहिरीवरच्या मोटारीचं स्टार्टर दाबतात तसं, मोटार उचल घेईपर्यंत. तबकडी काळी पडली.

"मेलं," पंजाबराव म्हणाले.

छकुलीनं डोळे मिटले. अविनाशनं साबणाच्या हातानं तबकडी जागी केली, बटनाला एक टिचकी दिली. नऊ वाजून पाच.

"म्हंजे इतके दिवस हे खोटं बोलत होतं?"

चूक माझी, असं अविनाश कसंबसं पुटपुटला. तेवढ्यात इतका वेळ जीपजवळ उभ्या असलेल्या पंजाबरावांच्या बायको, रुखमाबाई, पुढं आल्या.

"चूक कायची? दोन तास पुढं आहे हे मले पहिल्या दिवशीच दिसलं. मुद्दाम बोलली नाही. माझ्या भावाच्या लग्नात आम्ही पंगती उठल्यावर पोचलो होतो. लग्न झाल्यापासून हा माणूस आज पहिल्यांदा कुठं वेळेवर आला."

पंजाबरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे रुखमाबाईंच्या बाजूनं माना डोलवत होते. मग त्यांनी सावकाश चावी फिरवली, थरथर येईपर्यंत.

"भरलं," म्हणाले, आणि गुंडाळलेल्या गालिच्यावरच बसले.

कुंकू लागलं. निघताना अविनाशनं रुखमाबाईंना हळूच सांगितलं, की राहिलेल्या त्या दोन ओळी लग्नाआधी लिहून टाकतो.

"त्याले हात नका लावू, जवाईबापू. जमलं तर तसंच अजून एक बनवा."

"कोणासाठी?"

रुखमाबाईंनी त्याच्या डाव्या गालाकडे पाहिलं. घाईत तिकडची दाढी तशीच राहिली होती.

"तुमच्यासाठी."