शेंडेभाऊंचा ‘ओव्हरजॉइड’

आमचे शेजारी शेंडेभाऊ माणसाच्या हुद्द्याच्या उलट्या क्रमाने आनंद व्यक्त करत.

कॉलनीत नवा अधिकारी राहायला आला, की ते हात जोडून म्हणत, ‘ग्लॅड टू मीट यू, सर.’ कारकून आला तर ‘व्हेरी ग्लॅड’. मेकॅनिक आला तर ‘डिलाइटेड’. आणि कोणी हमाल किंवा माळी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आला, की शेंडेभाऊ दोन्ही हात पसरून म्हणत, ‘आय अ‍ॅम ओव्हरजॉइड!’ तो बिचारा पेटीसकट दोन पावलं मागे सरकायचा.

कोणीतरी त्यांना हा हिशेब विचारला होता. ‘साहेबाले पाहून खूश होणारे लय हायेत जी,’ ते म्हणाले, ‘त्याले ग्लॅड पुरे. हमालाले पाहून कोन ओव्हरजॉइड होते?’

सत्तरच्या दशकात सुरू झालेली ही गोष्ट. जवाहरनगरच्या कारखान्यात ते फिटर होते, मी कारकून. त्यांचं गाव पवनीकडचं आसगाव. आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून. बंगाली, मद्रासी, पंजाबी, सगळ्या मुलखांतली माणसं बदलीवर यायची. सामानाचा ट्रक थांबतो न थांबतो तोच शेंडेभाऊ चहाची किटली घेऊन हजर. ‘व्हॉट अ प्लेझंट सरप्राइज’ म्हणायचे. कोण येणार हे त्यांना आठ दिवस आधीपासून ठाऊक असे, तो भाग वेगळा.

ही सगळी वाक्यं भंडाऱ्याच्या बसस्टँडवर घेतलेल्या एका पातळ पुस्तकातली. त्यातल्या ‘आनंद व स्वागत’ या धड्याची पानं वापरून वापरून फडक्यासारखी मऊ पडली होती. पुढचा ‘तक्रार व निषेध’ हा धडा मात्र कोरा करकरीत. मराठी माणसांनाही इंग्रजीच कशाला, असं म्हटलं की सांगत, ‘या बसा म्हनलं का मानूस नुसता बसते. इंग्लिशमधी म्हनलं का हासते. हासला म्हंजे अर्धा आपल्या घरात आला.’

क्वार्टरमागे त्यांनी एक शेळी बांधली होती. नियमात बसत नव्हतं. एक साहेब नोटीस घेऊन आले, तर शेंडेभाऊंनी त्यांना खुर्चीत बसवलं. ‘वी आर ऑनर्ड बाय युवर व्हिजिट’ म्हणाले आणि त्याच शेळीच्या दुधाचा चहा पाजला. नोटीस साहेबांच्या खिशातच परत गेली.

मलाही रोज सकाळी कुंपणापलीकडून ‘सो नाइस टू सी यू’ मिळायचं. मी मान हलवून वर्तमानपत्र उंच धरत असे. लोक मला मितभाषी म्हणतात. तो शब्द मी फार वर्षं अंगावर चांगल्या कोटासारखा वापरला. आज काढून ठेवतो.

शेंडेभाऊ आधी असे नव्हते. नवे आले तेव्हा खाली मान घालून जायचे-यायचे. सोबत बायको होती, यशोदाबाई. पलीकडच्या क्वार्टरमधल्या बंगाली बाईंना हिच्याशी काय बोलावं कळेना, हिला त्यांच्याशी. अलीकडे आम्ही. यशोदाबाई रोज पहाटे आपल्या पायऱ्या झाडत, मग आमच्याही झाडत. रांगोळीची एक वेल हळूच आमच्या दारापर्यंत आणून सोडत. संध्याकाळी उंबऱ्यात बसून आमच्या दाराकडे बघत. माझी बायको म्हणाली, बोलावू या का चहाला. मी म्हणालो, खेड्यातली माणसं आहेत, एकदा आली की उठायची नाहीत.

तीन महिन्यांनी, रोवणीच्या दिवसांत, यशोदाबाई धान लावायला म्हणून आसगावला गेल्या. त्या परत आल्याच नाहीत. शेंडेभाऊ दर शनिवारी बसने गावी जात, सोमवारी परत येत. ते पुस्तक त्यांनी त्याच महिन्यात घेतलं. मला हे सगळं दिसत होतं. मी चौदा वर्षं वर्तमानपत्र वाचलं.

ते रिटायर झाले, तेव्हा सामान पोचवायला मी त्यांच्याबरोबर निघालो. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. शेंडेभाऊंनी विचारलंही नाही. पवनी मागे पडल्यावर ते माझ्या कानाशी वाकले आणि पहिल्यांदाच चोरट्यासारखे बोलले.

‘बाबूसाहेब, तिले मी तवा सांगतलं होतं, का बाजूवाले गावाले गेले हायेत म्हनून. तिच्या मनाले लागू नये म्हनून जी. तिनं विचारलं तं हो म्हनजा.’

यशोदाबाई अंगणात लोटा घेऊन उभ्या होत्या. केस पिकले होते. मी कोण ते त्यांनी लगेच ओळखलं.

‘तुमी तवा गावाले गेल्ते म्हने.’

‘हो वहिनी,’ मी म्हणालो. ‘गेलो होतो.’

‘तीनई महिने?’

‘हो.’

‘अस्सं,’ त्या म्हणाल्या. ‘मंग तुमच्या घरी रेडिओवर सकाळच्या बातम्या कोन आयके जी? भिंतीतून समद्या आयकू येत.’

आवाजात राग नव्हता. त्यांनी लोटा माझ्या हातात दिला. ‘घ्या, पाय धुवा. भात निवून राहिला.’

मी पाय धुऊ लागलो. लोटा रिकामा झाला तरी वर बघवेना. शेंडेभाऊ मला पाय पुसायला टॉवेल घेऊन आले होते. तो तसाच हातात धरून ते बायकोकडे बघत राहिले.

‘तुले मालूम होतं?’

‘मालूम होतं नं.’

‘मंग बोलली काहून नाही?’

‘तुमी इतकं मनापासून सांगतलं होतं,’ यशोदाबाई म्हणाल्या, ‘खोटं हाय म्हनून कायले सांगू?’

त्या भात वाढायला आत गेल्या. शेंडेभाऊ टॉवेल घेऊन तसेच उभे होते, आणि तो मागायची माझी हिंमत झाली नाही.