सापडण्यासाठी थांबलेली पाणबुडी

शत्रूची पाणबुडी खारबाव खाडीच्या तोंडाशी नऊ वर्षं लपून बसली होती, आणि आपल्याला कुणी शोधत नाही अशी तक्रार घेऊन तिचे कप्तान व्हेरोल एका सोमवारी सागरी गस्ती विमान निवड समितीच्या कार्यालयात आले.

समितीचे अध्यक्ष कमोडोर दिगंबर तळाशीलकर यांनी त्यांना बसायला सांगितलं. शत्रू असला तरी गणवेशातला माणूस, म्हणून चहाही मागवला. कप्तानांचं मराठी चांगलं होतं. पाण्याखाली दुसरी करमणूक नसल्यामुळे ते रोज रेडिओवर आपला हवामानाचा अंदाज ऐकत आले होते.

"तुम्ही गस्तीची विमानं घेणार असं आमच्या सरकारला कळलं, म्हणून आम्हाला पाठवलं," कप्तान म्हणाले. "विमान येईल, आम्हाला शोधेल. ते कोणतं आहे, कितपत शोधतं, एवढं बघायचं आणि घरी जायचं, असा हुकूम आहे. पण विमान येतच नाही. माझ्या माणसांत तुरळक ठिकाणी नाराजी आहे."

"आम्हीही त्याच विमानाची वाट बघतोय," कमोडोर म्हणाले, आणि त्यांनी सगळी हकिगत मोकळेपणाने सांगितली. सुरुवातीला लांबवर जाणारं विमान हवं होतं. मग मंत्री बदलले आणि ते लवकर परत येणारंही हवं झालं. पुढे ते पाण्यावर उतरावं असं ठरलं, आणि हिशेब तपासणाऱ्यांनी त्यात 'परंतु भिजू नये' असं घातलं.

"असं विमान असतं?"

"दोन कंपन्या म्हणतात, आमच्याकडे आहे. चाचणी घेतली की निकाल. पण चाचणीला पाणबुडी लागते, आणि आमची दुरुस्तीला गेलीय."

"आमची आहे की," कप्तान म्हणाले.

समितीत यावर दोन बैठका झाल्या. शत्रूची पाणबुडी चाचणीत घेतली तर ती शत्रूची राहते का, असा प्रश्न वित्त सदस्य श्रीमती वर्तक यांनी काढला. शेवटी चाचणीपुरतं तिला नुसती पाणबुडी धरावं असं ठरलं.

पहिलं विमान दोन पंख्यांचं होतं. ते पाण्याला टेकेल इतकं खाली उतरलं, खाडीवरून घिरट्या घालत राहिलं आणि जेवणाच्या आत पाणबुडीच्या बरोबर डोक्यावर आलं. पाणबुडी वर आली. खलाशी बाहेर येऊन हात हलवू लागले. आचाऱ्याला रडू आवरेना.

दुसरं विमान दिसायला देखणं होतं आणि फार उंचावरून गेलं. संध्याकाळपर्यंत त्याला काही सापडलं नाही. धक्क्यावर मासे विकणाऱ्या तारामती पेडणेकर शेवटी कंपनीच्या प्रतिनिधीला म्हणाल्या, "अरे, ती थंय आसा, लाल बोयेच्या खाली. रोज बांगडे नेतत माझ्याकडसून." प्रतिनिधीने त्यांचे आभार मानले आणि आमच्या विमानाला स्थानिकांचा पाठिंबा आहे असं अहवालात टाकलं.

आठवड्याभरात त्या कंपनीची हरकत आली. पाणबुडी पहिल्या विमानाला मुद्दाम सापडली, असं तिचं म्हणणं होतं. कप्तानांना समितीसमोर बोलावण्यात आलं.

"तुमच्या माणसांनी हात हलवले?" श्रीमती वर्तक यांनी विचारलं.

"हलवले. पण सापडल्यावर."

"आनंदाने?"

कप्तान म्हणाले, "नऊ वर्षांनी कुणीतरी आम्हाला शोधलं होतं, बाई."

"म्हणजे आनंदाने," श्रीमती वर्तक म्हणाल्या, आणि लघुलेखकाकडे वळून त्यांनी तो शब्द घ्यायला सांगितला.

चाचणी रद्द झाली. अटी नव्याने ठरवाव्यात असा निर्णय झाला. लोक उठून गेल्यावर कप्तान टेबलापाशी उभेच होते.

"म्हणजे आम्ही सापडलो नाही?"

"सापडलात," कमोडोर म्हणाले. "पण ते ग्राह्य धरता येत नाही."

"निघालो तेव्हा मुलीला दात येत होते," कप्तान म्हणाले. "आता ते पडून नवे आले असतील."

कमोडोरांना स्वतःला दोन मुली होत्या. पुढच्या बैठकीत त्यांनी एक प्रस्ताव मांडला. विमानं येईपर्यंत समुद्रावर कुणीतरी नजर ठेवायला हवी, आणि ही पाणबुडी अनायासे तिथेच आहे. तेव्हा शत्रूच्या पाणबुड्यांवर लक्ष ठेवण्यासाठी तिला हंगामी नेमणूक द्यावी. जेवणाची वेळ झाल्याने प्रस्ताव एकमताने संमत झाला.

"हे तुम्ही काय केलंत?" कप्तानांनी बाहेर आल्यावर विचारलं.

"तुम्हाला घरी पाठवायचा मला अधिकार नाही," कमोडोर म्हणाले. "पण नोकरीतल्या माणसाला रजा देता येते. फक्त बदली माणूस द्यावा लागतो. तुमच्या बाबतीत, पाणबुडी."

कप्तानांनी मायदेशी तसं कळवलं. त्यांचं सरकार फार खूश झालं आणि त्याने अधिक मोठी पाणबुडी धाडली. इकडे मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की किनाऱ्यावर आता पाण्याखालून रात्रंदिवस पहारा आहे, सबब विमानांची घाई नाही. बाकं वाजली.

नवी पाणबुडी आली त्या दिवशी कमोडोर स्वतः लाँचमधून गेले आणि गाळ कुठे कमी आहे ते त्यांनी तिला दाखवलं. तारामतींनी जाणाऱ्यांसाठी सुक्या बांगड्यांची करंडी दिली होती. कप्तान व्हेरोल यांनी कडक सलाम ठोकला.

"विमान आलं तर कळवा."

"कळवतो," कमोडोर म्हणाले. असं खोटं बोलायची त्यांना सवय होती, पण या वेळी ते त्यांना जड गेलं. कप्तानांची पाणबुडी पाण्याखाली जाईपर्यंत ते लाँचमध्ये उभे राहिले.

संध्याकाळी नव्या कप्तानांचा पहिला अहवाल आला. 'खाडीत शत्रूच्या दोन पाणबुड्या दिसल्या. पैकी एक निघून गेली.'

कमोडोरांनी तो वाचला, खाली 'धोका निम्म्याने कमी झाला' असा शेरा मारला आणि वर पाठवून दिला.