कुसाबाईंचा सोळावा सोमवार

हरणखेड शहरात बाहेरगावच्या माणसाने फूड ट्रकवर काही खाल्लं, की चव त्याला लागते आणि पोट शहरातल्या एखाद्या रहिवाशाचं भरतं. कोणत्या रहिवाशाचं, ते एसटी स्टँडवरच्या खिडकीत चिठ्ठी देऊन सांगतात. शहरात खानावळी उरलेल्या नाहीत. केळ्यांच्या हातगाडीलाही चाकं असतात, त्यामुळे तीसुद्धा नियमात बसते.

विनायक उपळेकर या शहरात चौथ्यांदा येत होते, तेही नाइलाजाने. सांगलीच्या एका मसाला कारखान्यात ते बावीस वर्षं चव-तपासनीस होते. गावोगावच्या ट्रकवर काय खपतं ते खाऊन बघायचं आणि त्यात कुठला मसाला कमी पडतो ते लिहून पाठवायचं, हे त्यांचं काम. इतर शहरांत तिसऱ्या ट्रकपाशी त्यांचं पोट हात टेकायचं. हरणखेडला ती अडचण नव्हती. "उपळेकर, तिथे तुम्ही दिवसाला सहा ट्रक करू शकता," असं मालक दर वेळी म्हणत, जणू काही बक्षीसच देतायत. उपळेकर तिथे दिवसभर खात आणि दिवसभर उपाशी राहत. बायकोने बांधून दिलेल्या दशम्या तेवढ्या त्यांच्या स्वतःच्या पोटात जात, आणि त्या तिसऱ्या दिवशी संपत. वय अठ्ठावन्न. त्यांना या सगळ्याचा वीट आला होता आणि तो ते कुणापासून लपवतही नव्हते.

या खेपेला चिठ्ठीवर नाव होतं: श्रीमती कुसाबाई ढोले, वय सदुसष्ट, गल्ली सात. पोट बेताचं. सोमवारी उपवास.

"मागच्या वेळी पैलवान दिला होता," उपळेकर खिडकीतल्या बाईंना म्हणाले. "फार सोयीचा होता."

"त्यांचं वजन वाढलं. वर्षभर सुटीवर आहेत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

शनिवारी तर्री-पोहे, पाटोडी-रस्सा आणि मंचुरियन झाल्यावर खिडकीमागच्या कचेरीतून फोन आला, की कुसाबाईंना बसवत नाहीये, दोन तास थांबा. उपळेकर बागेतल्या बाकावर दोन तास बसून राहिले. त्यांच्या पोटात कावळे ओरडत होते आणि जिभेवर तीन ठिकाणचं तिखट होतं. रविवारी त्यांनी अर्ध्या-अर्ध्या प्लेटी मागवायला सुरुवात केली. ट्रकवाल्यांना ते आवडलं नाही.

रविवारी दुपारी कुसाबाई स्वतः त्यांना शोधत आल्या. ठेंगण्या, काटक, नऊवारीतल्या बाई. पोटावर हात ठेवून त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या.

"तुमीच का ते सांगलीचे?"

"मीच. फार त्रास होतोय का?"

"तरास नाही. पण चवच नाही ना भाऊ. बसल्या बसल्या भरत जाते पोट, काय खाल्लं ते समजत नाही." बाकावर जरा पुढे सरकून त्या म्हणाल्या, "उद्या माहा सोळावा सोमवार हाय. तेवढं ध्यान ठेवजा."

मग त्यांनी न विचारताच सगळं सांगितलं. लेक हेमलता. तिने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा रागाच्या भरात कुसाबाई म्हणाल्या होत्या, की या घरात तुझं पान पुन्हा वाढणार नाही. पोरीने ते धरून ठेवलं. नऊ वर्षं झाली, पत्र नाही की फोन नाही. "माह्या तोंडातून निघून गेलं, न् मग मले ते मांगं घेता नाही आलं," कुसाबाई म्हणाल्या. तिने एकदा आई म्हणून हाक मारावी, एवढ्यासाठी त्यांनी पंधरा सोमवार कडक केले होते. दर सोमवारी त्यांच्या वाट्याचा पाहुणा खिडकीत सांगून दुसऱ्याकडे वळवला जाई. उद्या मात्र खिडकीला सुटी होती.

"तुम्ही निर्धास्त राहा," उपळेकर म्हणाले. त्यांना बाईंची मनापासून कणव आली. बऱ्याच वर्षांत त्यांना कुणाची कणव यायला फुरसत झाली नव्हती.

त्यांनी आपली यादी काढली. सोमवारचे पाच ट्रक खोडले. साबुदाणा खिचडीचा ट्रक मंगळवारी होता, तो सोमवारवर आणला. मालकांना काय सांगायचं ते पुढचं पुढे. सोमवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी एक प्लेट खिचडी, वर दही, असं सावकाश खाल्लं, वहीत 'जिरे कमी' अशी नोंद केली, आणि आपण एक चांगलं काम केलं या समाधानात उपाशीपोटी बाकावर जाऊन पडले.

मंगळवारी त्यांना कचेरीत बोलावलं गेलं. कुसाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांचे डोळे सुजलेले होते आणि त्यांनी उपळेकरांकडे पाहिलं नाही. लांजेवार नावाचे अधिकारी टेबलामागे होते.

"उपवासाच्या दिवशी तुम्ही खाल्लंत?" लांजेवारांनी विचारलं.

"उपवासाचंच खाल्लं. साबुदाण्याची खिचडी."

पाण्याचे पेले ठेवणाऱ्या शिपायाने कपाळाला हात लावला.

"सोळा सोमवाराले मीठ चालत नाही हो," कुसाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दिवसभर काईच नाही. संध्याकाळी पूजा झाली का चुरमा. बस."

"पण साबुदाणा उपवासाला चालतो," उपळेकर म्हणाले. घरचे उपवास बायको सांभाळत असे. ताटात खिचडी आली की आज उपवास आहे एवढंच त्यांना कळे. "आमच्याकडे सगळ्याच उपवासांना चालतो."

कुसाबाईंनी पदराने डोळे पुसले. उपळेकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लांजेवारांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "मीठ हा चवीचा विषय. चव यांची. बाईंच्या जिभेला मीठ लागलेलं नाही."

"पोट तर माहं भरलं ना साहेब! भरल्या पोटानं मी पूजेले कशी बसू? महादेवाले काय चिठ्ठी दाखवू?"

लांजेवारांना हा मुद्दा पटला. त्यांनी चष्मा पुसला. "मग काल उपाशी कोण होतं?"

"मी," उपळेकर म्हणाले.

"किती वेळ?"

"दशम्या रविवारी सकाळी संपल्या."

लांजेवारांनी फायलीत लिहिलं आणि वाचून दाखवलं: सोळावा सोमवार श्री. उपळेकर यांच्याकडून पूर्ण झाला. व्रताचं फळ श्री. उपळेकर यांना देय.

"मला नको. यांना द्या," उपळेकर घाईने म्हणाले.

"नको म्हणण्याची तरतूद नाही."

"न् माही पोरगी?" कुसाबाईंनी विचारलं.

"फळ तेच राहील, बाई. मिळणारा तेवढा बदलला," लांजेवार म्हणाले आणि त्यांनी फाईल मिटली.

दोघं बाहेर आली. उपळेकरांना माफी मागायची होती, पण अंगात त्राण नव्हतं. चारला त्यांची परतीची एसटी होती. कचेरीच्या पायऱ्या उतरत असतानाच त्यांचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"आई?" पलीकडून एक बाई म्हणाली. "मी हेमा बोलतेय."

उपळेकरांनी फोन कुसाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला, बराच वेळ धरला, आणि परत दिला.

"यात काईच नाही," त्या म्हणाल्या. "तुमीच बोला."

उपळेकरांनी फोन कानाला लावला. "आई, आहेस ना?" हेमा विचारत होती.

"आहे," उपळेकर म्हणाले.

"आवाज बसलाय का गं तुझा?"

"हो. जरा."

मग ती बोलायला लागली. तिला दोन मुली होत्या. थोरलीचा दात काल पडला होता. आपण कितीदा तरी फोन उचलला आणि खाली ठेवला, असं ती म्हणाली आणि रडली. उपळेकरांना प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता आणि काहीही वाटत नव्हतं. शेजारी कुसाबाईंचा चेहरा मात्र बघता बघता बदलत गेला. त्यांना अवाक्षर ऐकू येत नव्हतं. त्यांनी पदर तोंडाशी धरला, आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत येऊ दिलं.

"काय म्हनते?"

"विचारतेय, दिवाळीला येऊ का."

"ये म्हना. पान वाढून ठेवते म्हना."

उपळेकरांनी तसं सांगितलं. पलीकडे हुंदका आला. पावणेचार झाले होते. भुकेने त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. त्यांनी कुसाबाईंकडे बघून, आता ठेवू का, असं खुणेने विचारलं.

कुसाबाईंनी जोरजोरात मान हलवली. "नोका, नोका. पोचून रायलं भाऊ. अजून थोडं."

उपळेकर पायरीवर बसले. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि विचारलं, "जेवायला काय केलंस आज?"