साध्या पोलादाची दुनळी

फौजदार दारात उभे राहिले तेव्हा अच्युतराव तळपद्यांच्या मांडीवर बंदुकीच्या नळ्या होत्या आणि बोटं चिंचेच्या पाण्याने ओली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांनी गिरगाव पेटलं होतं, म्हणून सरकारने परवान्याच्या बंदुका घरोघर तपासायचं काढलं होतं. अच्युतरावांना त्याचं काही नव्हतं. आजोबांची आठ बोरची दुनळी, परवाना चोख. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं ते दौलतराव फौजदारांनी नंबर दाखवा म्हटल्यावर.

नंबर नळ्यांच्या पोटाला, पुढच्या लाकडाखाली होता, आणि अच्युतराव आठवडाभर नेमकी तीच जागा पॉलिशपेपरने घासत होते. नळ्या दमास्कसच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून एकजीव केलेल्या, असा त्यांचा जन्माचा दावा. वरच्या मजल्यावरचे मनमोहन कीर्तिकर, तेही जुन्या दुनळ्यांचे शौकीन, त्या साध्या पोलादाच्या आहेत म्हणून क्लबात चारचौघांत त्यांची टर उडवायचे. वरचा काळा रंग काढून आंबट लावलं की पिळाची नक्षी उमटते. हे त्यांना एकदा दाखवून द्यायचं, पण शोभा जाऊ नये म्हणून अच्युतरावांनी झाकली जाणारी जागा निवडली, आणि आधीच झिजलेला नंबर चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीत गेला.

फौजदारांनी परवाना वाचला. आठ बोर, नळ्या साध्या पोलादाच्या.

"नंबर नाही तर नाही, वर्णन तरी जुळायला पाहिजे. नाहीतर ही बिनपरवान्याची. सध्याच्या दिवसांत मी तुम्हाला घरी ठेवू शकणार नाही."

हे वर्णन लिहिणाऱ्या कारकुनाला अच्युतराव आजवर गाढव म्हणत आले होते. आता ते घाईघाईने म्हणाले, "साधंच पोलाद आहे, साहेब." म्हणता म्हणता त्यांची नजर खाली गेली. घासलेल्या जागी एक बारीक वळण दिसत होतं. त्याच्या शेजारी दुसरं. बघता बघता कुरळ्या केसांसारखी सुरेख नक्षी वर आली. उभ्या आयुष्यात ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि अच्युतराव त्यावर अंगठा दाबून बसले होते.

"ते काय उमटतंय?"

"गंज."

"अहो, गंज कसला, तुम्हीच तर..." सरोजिनीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, आणि नवऱ्याचे डोळे पाहून गप्प झाल्या. मग निदान आपल्या हातून मदत व्हावी म्हणून त्यांनी जिन्यातून मनमोहनांना हाक मारली. फौजदारांना जाणकार पंच आयताच मिळाला.

परवान्यात साधं पोलाद आहे, ते जुळलं नाही तर ह्यांना न्यावं लागेल, असं त्यांनी मनमोहनांना सांगितलं. मनमोहनांनी नळ्या खिडकीपाशी नेल्या, खिशातून भिंग काढलं आणि वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"काय म्हणता, कीर्तिकर?"

मनमोहनांनी भिंग खिशात टाकलं. "साधं पोलाद. किती वर्षं सांगतोय मी ह्यांना."

पंचनामा झाला, दोघांच्याही सह्या झाल्या, बंदूक जागेवर ठेवून फौजदार जिना उतरले. अच्युतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी मनमोहनांचे दोन्ही हात धरले. "वाचवलंस रे. पण पाहिलीस ना? खरी दमास्कस."

"कुठली दमास्कस?" मनमोहन आरामखुर्चीत टेकले. "साध्या पोलादाखाली तुझी सही आहे, अच्युत. उद्या क्लबात सांगतो सगळ्यांना, पटलं एकदाचं तुला म्हणून."

अच्युतरावांनी आत दोन कप चहा सांगितला.