मागाच्या खांबांची गाडी

आधीच सांगून ठेवतो, गाडी बरोबर होती. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

चौऱ्याहत्तर साली नागपुरातल्या आमच्या टिमकीत, विणकरांच्या वस्तीत, एकाही कोष्ट्याच्या दारात चारचाकी नव्हती. साड्यांचं गाठोडं सायकलला बांधायचं, इतवारीच्या बाजारात व्यापाऱ्याच्या पायरीशी हमालासारखं उभं राहायचं. मला राग आला. आणि राग आला की मी काहीतरी बनवतो!

एका मोडक्या फटफटीचं इंजिन मिळालं. कामठीच्या भंगारातून मिलिटरी जीपचं स्टेअरिंग आणलं. राहिला सांगाडा. घरात दोन माग होते, एक माझा, एक बायकोचा. अनुसयाच्या मागाचे खांब सागवानी होते.

“माह्याच मागाचे काहून?” तिनं विचारलं.

“माह्या मागावर साडी चढून हाये ना वं.”

“बरं. दसऱ्याले या गाडीत बसवून इतवारीत न्या मले. नाही नेलं, तर गाडी मोडाची आन् माहा माग उभा कराचा.”

“मंजूर!”

जीपचं स्टेअरिंग लांबडं, आमची गाडी बुटकी. दांडा कापून, खालच्या दातेरी चाकांच्या डब्ब्यासकट पुन्हा जोडायचा होता. माझा साळा विश्वनाथ डिप्लोमावाला. तो म्हणाला, “भाऊजी, आधी नकाशा काढा.”

नकाशा! अख्खा काठ डोक्यात ठेवून विणणारा माणूस मी. आमच्या मागावर साडीची सुलट बाजू खाली असते, विणणाऱ्याला दिसते ती उलटी. खालून दिसतं तेच खरं, हे बापानं शिकवलेलं. म्हणून मी भंगारवाल्याकडे दुसऱ्या एका जीपखाली उताणा पडलो, खालून जसं दिसलं तसं डोक्यात भरलं, आणि घरी येऊन वरून तसंच्या तसं बसवलं.

पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी मी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. गाडी उजवीकडे वळली आणि बळीरामच्या पोह्यांच्या ठेल्यात शिरली. पोह्यांवर ओतायच्या तिखट तर्रीनं माझं धोतर असं लाल झालं की लोक मलम घेऊन धावले.

“स्टेअरिंगचा डब्बा उलटा बसला भाऊजी,” विश्वनाथ म्हणाला. “घटकाभराचं काम हाये. सरळ करून देतो.”

“हात नको लावू. गाडी बरोबर हाये. तुमच्या डोळ्याले उलटं पाहाची सवय नाही.”

“म्हंजे सारं नागपूर चुकून राहिलं?”

“नागपूर कधी चुकलं नाही काय?”

आणि मी शिकलो. डावीकडे जायचं तर उजवीकडे फिरवायचं. हात मागावरच्या धोट्यासारखे इकडून तिकडे चालायला लागले. महिनाभरात मी गोळीबार चौकातून म्हशींच्या कळपातून गाडी काढली, एका शेपटीलाही धक्का नाही. तरी बळीराम भित्राच. त्यानं ठेला लांब, पिंपळाखाली हलवला.

दसरा उजाडला. मी झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं आणायला गेलो. आलो तर विश्वनाथ गाडीला हळदकुंकू लावत होता. हात काळे, तोंडभर हसू. मला वाटलं, साळा शेवटी सुधारला.

अनुसया नवी साडी नेसून बाजूला बसली. मांडीवर गाठोडं. सारी गल्ली दारात. गाडी निघाली. तोंडाशी डावीकडे वळायचं होतं. मी रुबाबात स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं.

गाडी उजवीकडेच गेली! आणि समोर बळीरामचा ठेला, जुन्या जागेवर, नव्या रंगाचा. मी घाबरून आणखी उजवीकडे फिरवलं. व्हायचं ते झालं.

“काहून गा, तू पिंपळाखाली होता ना?” पोह्यांत बसल्या बसल्या मी ओरडलो.

“विश्वनाथभाऊनं सांगितलं, स्टेअरिंग सरळ केलं म्हणून,” बळीराम रडकुंडीला येऊन म्हणाला. “मंग मी ठेला परत आणला.”

विश्वनाथ धावत आला. “तुमी फुलं आणाले गेले तवा केलं, भाऊजी. म्हटलं, दसऱ्याची भेट.”

आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची? चांगली उलटी चालणारी गाडी सरळ करून बिघडवली, ती कोणी?

अनुसयानं साडीवरचे पोहे झटकले. गाठोडं कोरडं होतं. ते तिनं बळीरामच्या सायकलला बांधलं. माझ्याकडे न पाहता म्हणाली, “उद्यापासून खांब सोडा.”

माग उभा राहिला. स्टेअरिंग तेवढं मी फेकू दिलं नाही. ते तिच्या मागावर, कापड गुंडाळायच्या रुळाला बसवलं. चाक फिरवलं की साडी झरझर गुंडाळली जाते. अख्ख्या टिमकीत असा माग दुसरा नाही.

फक्त त्या चाकाला ती मला हात लावू देत नाही.