सोनटक्के सरांची श्वासाची पिशवी

आमच्या शेजारच्या सोनटक्के सरांकडं गेलं की पाण्याच्या तांब्याआधी नाकाला चिमटा लागतो. कपडे वाळत घालायचाच चिमटा, आतून स्पंज चिकटवलेला. मग तोंडात नळी. आधी पाचेक मिनिटं नुसता श्वास यंत्राकडं सोडायचा, मग नळीला रबरी पिशवी. "पिशवीत सोडा, पिशवीतूनच घ्या. सोडलेला श्वास वाया घालवू नका!" आणि तुम्ही बिचारे आलेले असता विळी मागायला.

सर परभणीत जनावरांच्या डॉक्टरांना शिकवायचे. जन्मभर शेळ्यांचे श्वास मोजले. निवृत्त झाले, शेळ्या सुटल्या, आम्ही सापडलो. "तोच श्वास आत-बाहेर केला की पिशवीतला कार्बन डायऑक्साइड हृदयाकडं परत येणाऱ्या रक्तातल्याएवढा होतो. त्यावरून हृदय मिनिटाला किती रक्त फेकायलंय ते कळतं. सुई न्हाई, रक्त काढणं न्हाई!" शेळ्यांनी हे कसं ऐकून घेतलं असेल देव जाणे.

एकदा वालूरहून माझे मेव्हणे आले. मिशा ह्या एवढाल्या. नळी तोंडात गेली आणि सर ओरडले, "मिशीतून गळती!" आणि चक्क कात्री आणायला उठले. मेव्हणे चपला हातात घेऊन आमच्या घरात पळाले. आता यायच्या आधी फोन करून विचारतात, "सर गावात हायत का?"

मला लय राग यायचा. एकदा मी सरांच्या बायकोला, काकूंनाच म्हटलं, "आवरा की वो यांना!"

काकू हसल्या. "माझ्यासाठीच चाललंय पोरी. तुमच्यावर हात बसवून घ्यायलेत."

काकूंचं हृदय कमजोर. डॉक्टरांना मांडीतून हृदयापर्यंत नळी घालून बघायचं होतं. पण काकूंचे सुई बघितली तरी डोळे फिरतात. नाही म्हणाल्या ते नाहीच. शेवटी सरांनी त्यांच्याकडून शब्द घेतला, पिशवीतला आकडा घसरला तर मुकाट्यानं दवाखान्यात यायचं.

परवा सकाळी मी विरजण मागायला गेले, तर तीच मोजणी चालू होती. काकूंच्या नाकाला चिमटा, तोंडात नळी. सर खाली मान घालून बोलत होते.

"तू भाकरी थापताना बांगड्या वाजतात ना, ते बाहेरच्या खोलीत ऐकू येतं. लय बरं वाटतं. आवाज थांबला की मी आत डोकावतो. तुला वाटतं, भूक लागली."

मी दारातच थबकले. उभ्या संसारात "चहा ठेव"च्या पुढं न गेलेला हा माणूस! काकूंना उत्तर देता येत नाही, तेवढ्यातच बोलून घेत होता.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, मग हसू फुटलं आणि नळी सुटली.

"गळती! आता परत घ्यावं लागंल," सर करवादले.

दुसऱ्या वेळी कुणीच बोललं नाही. सरांनी आकडा बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. "घसरला न्हाई," एवढंच म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले. मला तर इतकं हायसं वाटलं की विरजणाचं विसरूनच गेले.

थोड्या वेळानं सर पिशवी आवरायला उठले.

"अहो," काकू म्हणाल्या, "खात्री करा की. परत एकदा घ्या."

आणि स्वतःच नाकाला चिमटा लावून, नळी तोंडात धरून, सरांकडं बघत गप बसल्या.